आवाज फुटला... पुढे काय?

अलिबाग म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? गेटवेहून कॅटामरान, मांडव्याला उतरून बस, नागावचा बीच, रात्री सुरमई फ्राय आणि सोमवारी ऑफिसात सोललेलं नाक. फारच हौशी मंडळी असतील तर ओहोटीची वेळ बघून कुलाबा किल्ला. झालं आपलं अलिबाग! पण अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यात संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बीच सोडून जरा आतल्या गल्लीत शिरलात, तर आणखी एक गोष्ट कानावर पडते. पेटीवर भूपाचा आरोह आणि त्यावर दहा-पंधरा पोरांचा कोरस. काही सुरात, काही सुराच्या शेजारी. हे गाण्याचे क्लास. कुणाच्या ओटीवर, कुणाच्या माळ्यावर, कुठे शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात आणि त्याआधीचे दोन महिने या गल्ल्यांमध्ये दुसरं काही ऐकूच येत नाही.

यातला रेवदंड्याचा एक क्लास माझ्या मावशीचा. मावशी विशारद आहे आणि तीसेक वर्षं शिकवतेय. तिच्याकडे एक मुलगा येतो. आठवीत आहे, कोळीवाड्यात राहतो, वडील बोटीवर जातात. मुलाचा गळा असा की काळी पाचच्या सुरात तार षड्ज लावला की शेजारच्या घरातली टीव्हीची सीरियल म्यूट व्हायची. (मावशीचं वाक्य. शेजाऱ्यांना विचारायची माझी हिंमत नाही.) नोव्हेंबरात मध्यमा प्रथमला बसायचं ठरलेलं होतं. आणि जुलैत त्याचा आवाज फुटायला लागला.

आधी वरचे सूर चिरकायला लागले. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर अभंग म्हणताना ऐन तार सप्तकात आवाज असा घसरला की समोर बसलेली पोरं खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून स्वारी क्लासला यायची बंद. आई येऊन सांगून गेली, ‘बाई, तो म्हणतो माझं गाणं गेलं.’

मावशीने फोन केला तो रडक्या आवाजात नाही, चिडलेल्या आवाजात. ‘अगं, माझ्या बुवांचं एकच सांगणं होतं. मुलाचा आवाज फुटला की वर्षभर तंबोरा खुंटीला. आणि अलिबागचे आमचे एक सर म्हणतात, उलट दुप्पट रियाज करून घ्या, आवाज आपोआप मोकळा होतो. आता मी कुणाचं ऐकू? तुमच्या मुंबईत एवढ्या लायब्र्या आहेत. एवढी शंभर वर्षं लोक मुलांना गाणं शिकवतायत, कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलं असेल ना?’

प्रश्न जाम सोपा वाटला. एक पोरगा, एक गळा, एक प्रश्न: गाणं बंद करायचं की चालू ठेवायचं? म्हटलं दोन दिवसांत उत्तर देते. मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत गाणं कसं शिकवतात याबद्दल काही शोधायचं तर कुठे शोधायचं, याचं माझं बऱ्यापैकी शिक्षण झालं. म्हणून हा कॉलम.

पहिला झटका कपाटाचा. सार्वजनिक वाचनालयांमध्ये ‘संगीत’ नावाचं एक कपाट असतं. त्यात काय असतं? भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहापैकी तीन-चार भाग, बाइंडिंग सुटलेले. विनायकबुवा पटवर्धनांचं ‘राग विज्ञान’. दोन-चार नाट्यगीतांच्या नोटेशनच्या वह्या. गायक-गायिकांची चरित्रं. बस्स. म्हणजे काय गायचं, ते ढिगाने. कसं गायचं, तेही थोडंफार. पण कसं शिकवायचं? आणि तेही गळा बदलत असलेल्या मुलाला? त्या खणात शून्य.

याचं कारण उघड आहे. आपल्याकडे तालीम ही सीना-ब-सीना. गुरूच्या छातीतून शिष्याच्या छातीत. मधे कागद आला की उस्ताद लोकांना घाम फुटायचा. विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर या दोन विष्णूंनी कागद मधे आणला. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईला आणलं. भातखंड्यांनी देशभर हिंडून चिजा जमवल्या, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहिले आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं केलं. दोघांपुढचा यक्षप्रश्न होता तो चिजा आणि राग हरवू नयेत हा. त्यामुळे नोटेशन आलं, अभ्यासक्रम आला, परीक्षा आल्या. गळ्याचं काय करायचं, ते मात्र मास्तरांच्या मगदुरावर राहिलं.

जाता जाता एक गंमत. या दोघांचं नोटेशन वेगळं. स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर भातखंडे पद्धतीत तो तार सप्तकातला आणि पलुस्कर पद्धतीत चक्क मंद्र सप्तकातला! मावशी पलुस्कर परंपरेतली. लायब्ररीतून जुनं पुस्तक आणलं की आधी प्रस्तावना वाचून टिंबाचा निकाल लावायचा, हा तिचा शिरस्ता. तुम्हीही कधी आजोबांच्या ट्रंकेतून नोटेशनचं पुस्तक काढलंत तर हे ध्यानात ठेवा, नाहीतर भूप भलत्याच मजल्यावर जाईल.

मग मी नंबरांच्या मागे लागले. लायब्ररीत पुस्तकाच्या पाठीवर आकडे असतात ना, तो ड्युई दशांश वर्गीकरणाचा नंबर. संगीत म्हणजे ७८०. संगीताचं शिक्षण ७८०.७. इथपर्यंत ठीक. पण आवाज कुठे? १९८९ साली ड्युईची विसावी आवृत्ती आली आणि संगीताचा सगळा विभाग उलटापालटा झाला. त्याआधी गळ्याचं गाणं ७८४ मध्ये असायचं. नव्या पद्धतीत ते ७८२ आणि ७८३ मध्ये गेलं आणि ७८४ वर वाद्यं येऊन बसली. ज्या लायब्रीत जुनी पुस्तकं जुन्याच नंबरावर आहेत, तिथे गाण्याची शिकवणी सतारीच्या शेजारी सापडते. आणि खरा फंडा पुढेच आहे. गळा म्हणजे शरीर. त्यामुळे स्वरयंत्र कसं चालतं याची पुस्तकं संगीतात नसतातच, ती शरीरशास्त्रात ६१२.७८ ला असतात, पचनसंस्था आणि मेंदूच्या शेजारपाजारी. गाण्याच्या बाई त्या कपाटाकडे कशाला फिरकतील? आणि मेडिकलचा विद्यार्थी संगीताच्या कपाटाकडे कशाला येईल? एकच विषय, दोन मजले, मधे जिना नाही.

एका ग्रंथालयात (नाव राहू दे) काउंटरवरच्या गृहस्थांनी मला आधी सभासदत्वाचा फॉर्म दाखवला, मग अनामत रकमेचा आकडा, मग घड्याळ. साडेबाराला जेवणाची सुट्टी होती आणि बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पण असे अनुभव लक्षात ठेवायचे नसतात. कारण दुसऱ्याच एका ठिकाणी संदर्भ विभागातल्या बाईंनी माझा प्रश्न ऐकून घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘शब्द कुठला शोधताय?’

इथे माझी गाडी रुळावर आली. मी शोधत होते ‘गायन अध्यापन’. इंग्रजीत ‘सिंगिंग पेडागॉजी’. त्याने येतं ते सगळं ऑपेरा आणि चर्च. आपल्याकडे या विषयाला म्हणतात ‘व्हॉइस कल्चर’. इंग्रजीत लिहिणारे भारतीय अभ्यासकही हाच शब्द वापरतात. मराठी-हिंदीत कंठसाधना, कंठसंस्कार, आवाज जोपासना, स्वरसाधना. या शब्दांनी शोधलं की दारं उघडतात. ‘शोधगंगा’ नावाचा एक खजिना आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. ‘व्हॉइस कल्चर’ टाकलं आणि संगीत विभागांचे प्रबंध यायला लागले. खरं सांगायचं तर काही प्रबंधांची पहिली दोन प्रकरणं वेदकाळापासून सुरू होतात आणि तुम्ही पान उलटत राहता. पण शेवटची ग्रंथसूची! ती आधी वाचायची. दुसऱ्या कुणीतरी चार-पाच वर्षं घासून काढलेली यादी तुम्हाला पाच मिनिटांत मिळते.

त्या याद्यांमध्ये काही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. एस. ए. के. दुर्गा यांचं १९७८ चं ‘व्हॉइस कल्चर’, कर्नाटक संगीताच्या अंगाने लिहिलेलं. अशोक दा. रानडे, मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक. गायक आणि नट या दोघांच्याही आवाजावर काम करणारा असा माणूस आपल्याकडे विरळा. आणि प्रोफेसर बी. आर. देवधर. देवधरांनी १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं. पाश्चात्त्य संगीत शिकलेला, आवाजाच्या शास्त्रात रस घेणारा हा पलुस्करांचा शिष्य. १९३६ साली त्यांच्याकडे कुमार गंधर्व दाखल झाले ते जेमतेम बारा वर्षांचे. म्हणजे ऐन फुटायच्या वयातला केवढा मोठा गळा त्या शाळेत होता, बघा! देवधरांनी संपादन केलेलं ‘संगीत कला विहार’ हे मंडळाचं मासिक म्हणजे मास्तर लोकांचं मासिक. परीक्षा, पद्धती, भांडणं, सगळं त्यात आहे. जुने बांधीव अंक कुठे दिसले तर सोडू नका. अनुक्रमणिकेवर भिस्त ठेवू नका, पानं चाळा.

आपल्या रायगडचा माणूसही या यादीत आहे, बरं का. यशवंत देव. जन्म १९२६, पेण. संगीतकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ‘शब्दप्रधान गायकी’ आणि ‘रियाजाचा कानमंत्र’ ही त्यांची पुस्तकं म्हणजे शिकवणाऱ्या माणसाची पुस्तकं. मावशीकडे पहिलं आहेच, पेन्सिलच्या खुणांनी भरलेलं. शोधता शोधता मुरूडचाही एक धागा सापडला. जंजिऱ्याच्या नवाबाच्या बेगम नाझली यांची बहीण अतिया फैजी. त्यांनी १९१४ साली ‘इंडियन म्युझिक’ नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. पुढे १९२५ साली ‘द म्युझिक ऑफ इंडिया’. नवरा चित्रकार सॅम्युएल रहमीन, बेने इस्रायली कुटुंबातला. म्हणजे अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज उतरले असं जो समाज मानतो, त्या समाजातला. माझ्या प्रश्नाशी या पुस्तकाचा काही संबंध नव्हता. तरी एक अख्खी दुपार त्यात गेली. लायब्ररीत असं होतंच, आणि त्याचं बिल कुणी पाठवत नाही.

पण मुलगा? तो तर घरी बसलाय!

पहिला सुगावा लागला तो चरित्रांच्या खणात. भास्करबुवा बखले, बालगंधर्वांचे गुरू, १९११ साली पुण्याला भारत गायन समाज काढणारे. ते पोरवयात किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. आवाज फुटला आणि कामं हातची गेली. काल ज्याच्या गाण्याला टाळ्या पडत होत्या, त्याला आज कंपनीत कुणी विचारेना. पुढे बडोद्याला फैज महंमद खाँ, मग नथ्थन खाँ, मग अल्लादिया खाँ अशी तालीम घेत ते देवगंधर्व झाले. गोविंदराव टेंब्यांनी त्यांच्यावर लिहिलंय, शैला दातारांची ‘देवगंधर्व’ ही कादंबरी आहे. बाय द वे, आपल्या संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगेच करायचे. म्हणजे प्रत्येक कंपनीत आवाज फुटण्याचं टेन्शन कायमचं मुक्कामाला असणार. शिकवण्याबद्दलची माहिती आपल्याकडे शिकवण्याच्या पुस्तकांत नाही, ती अशी चरित्रांत, आठवणींत, मुलाखतींत विखुरलेली आहे. पाच ओळी इथे, दोन ओळी तिथे. शोधायला वेळ लागतो, पण आहे.

दुसरा सुगावा अगदी दुसऱ्या टोकाला. इंग्लंडातल्या चर्चमध्ये मुलांचे कॉयर शेकडो वर्षं आहेत, त्यामुळे हाच प्रश्न तिथल्या मास्तरांना दर सीझनला पडायचा. १८८५ साली एमिल बेन्के आणि लेनॉक्स ब्राउन या दोघांनी ‘द चाइल्ड्स व्हॉइस’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. एक आवाजाचा शिक्षक, एक डॉक्टर. त्यांनी गायकांना आणि कॉयरमास्तरांना प्रश्न पाठवून उत्तरं गोळा केली आणि निकाल दिला: आवाज फुटत असताना गाणं बंद. लगेच पुढच्या वर्षी सर मॉरेल मॅकेन्झी या गाजलेल्या घशाच्या डॉक्टरांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, जपून, मर्यादेत, ताण न देता गायला हरकत नाही. वाचताना मला हसूच आलं. हे तर मावशीचे बुवा आणि अलिबागचे सर! फक्त कोट घातलेले. (अलिबागच्या सरांचा दुप्पट रियाज मॅकेन्झीलाही झेपला नसता, ते सोडा.)

ही पुस्तकं आता कॉपीराइटच्या बाहेर आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. आपलीही जुनी पुस्तकं तिथे आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक मोकळं होतं. भातखंडे १९३६ साली गेले, म्हणजे त्यांचं स्वतःचं लेखन केव्हाच सगळ्यांचं झालंय. फक्त शोधताना स्पेलिंगचं भान ठेवा. स्कॅन करणाऱ्यांनी नावं इंग्रजीत वाटेल तशी लिहिली आहेत. ‘संगीत’ हा शब्द मी चार स्पेलिंगांनी टाकला आणि चारही वेळा वेगळी पुस्तकं आली.

विसाव्या शतकात हे भांडण बरंच पुढे सरकलं. डंकन मॅकेन्झी या माणसाने १९५६ साली मुलांच्या बदलत्या आवाजावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. आणि १९७७-७८ मध्ये जॉन कुकसी या अमेरिकन शिक्षकाने ‘कोरल जर्नल’मध्ये लेखमालाच लिहिली. त्याचं सांगणं असं: आवाज एका रात्रीत फुटत नाही, टप्प्याटप्प्याने उतरतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, बोलण्याचा सूर शेवटी जवळजवळ एक सप्तक खाली येतो. आधी वरचे सूर जातात, खालचे यायला वेळ लागतो. त्यामुळे मधल्या काळात मुलाच्या हातात मोजकेच सूर उरतात. तेवढ्या सुरांत गाऊ द्या. त्याच्या बाहेर ओढू नका. मुलगा कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायला त्याचा बोलण्याचा सूर बघा, तो त्याच्या सगळ्यात खालच्या सुराच्या थोडासाच वर असतो.

मी हे सगळं झेरॉक्स करून, महत्त्वाचं मराठीत उतरवून, शनिवारी लाँचने निघाले. पावसाळा नुकताच संपला होता, समुद्र अजून रागावलेला होता. मावशीने ओटीवर बसून, चष्मा लावून, दोन तास वाचलं. मग म्हणाली, ‘हे गोऱ्यांच्या कॉयरमधल्या पोरांवर आहे. त्यांना चार ओळी गायच्या असतात, हलक्या आवाजात. आमच्याकडे खुल्या गळ्याचा आकार लावायचा, ताना घ्यायच्या. ते याला कुठे माहीत?’

शंभर टक्के बरोबर. ख्याल शिकणाऱ्या मुलाचा बदलता गळा आठवड्या-आठवड्याने मोजून कुणी मांडलाय असं काही माझ्या हाती लागलं नव्हतं. आणि हे मला खरंच खटकतं. दर वर्षी इतकी मुलं परीक्षांना बसतात, त्यांतल्या प्रत्येक मुलाचा आवाज कधी ना कधी फुटतो, आणि किती जणांचं गाणं तिथेच थांबतं ते त्यांच्या मास्तरांनाच ठाऊक. मोठेपणी हे लोक आपल्याला ऑफिसात भेटतात. ‘लहानपणी गायचो मी, क्लासला जायचो’ म्हणतात आणि पुढे विषय बदलतात. एकदा विचारून बघा, कितवीत सोडलंस?

पण मावशीचं पुढचं वाक्य मला जास्त आवडलं. ‘एक गोष्ट मात्र आमच्याकडे सोपी आहे. आमचा सा हलतो.’

म्हणजे काय, तर कॉयरमध्ये सगळ्यांना ठरलेल्या पट्टीत गावं लागतं, मुलाचा आवाज उतरला की त्याला या रांगेतून त्या रांगेत बसवायचं. आपल्याकडे पेटीवरची पट्टी सरकवली की झालं, बंदिश तीच. खरी अडचण क्लासची असते. पंधरा मुलं, त्यात बारा मुली, सगळ्यांचा मिळून एकच सा, काळी चार किंवा पाच. त्यात हा एकटा वर ओढत बसतो आणि गळा ताणतो. परीक्षेला तर प्रत्येकजण आपापल्या पट्टीत गातो, मग शिकताना एकाच पट्टीची सक्ती का? सोय म्हणून. दुसरं कारण नाही.

त्या संध्याकाळी मावशी मला घेऊन कोळीवाड्यात गेली. मुलगा आधी बाहेरच येईना. वडील जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनीच हाक मारली. मावशीने गाण्याचं नावही काढलं नाही. म्हणाली, ‘वीसपासून उलटे आकडे म्हण बघू.’ पोरगा बावचळला, पण म्हणायला लागला. वीस, एकोणीस, अठरा... मावशीने मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि त्याच्या बोलण्याखाली पट्टी सरकवत गेली. पांढरी चारला येऊन थांबली. ‘हा तुझा आजचा आवाज. काळी पाच विसर. तो लहान मुलाचा होता.’

वडिलांनी एकच विचारलं, गळ्याला काही इजा तर होणार नाही ना? मावशीने सरळ सांगितलं, ओरडला, ताणलं तर होईल. नाही ताणलं तर नाही. आणि घसा दोन-तीन आठवडे सलग बसलेलाच राहिला, दुखला, तर गाणं बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाचा डॉक्टर. तेवढ्यावर त्यांनी मान डोलावली.

नोव्हेंबरची परीक्षा तिने रद्द करून टाकली, एप्रिलचं बघू म्हणाली. मुलगा आता आठवड्यातून दोनदा, बाकीची पोरं गेल्यावर, सव्वासातला येतो. वीस मिनिटं. मंद्र धैवतापासून मध्य पंचमापर्यंत, भूपातलेच पलटे, बारीक आवाजात. तार सप्तकाला हात लावायचा नाही. उरलेला वेळ ताल: हातावर ठेका, दुगुन, चौगुन, विलंबित एकतालाची मात्रा न चुकता सम. मावशीच्या मते हे काम एरवी कुठलाच मुलगा मन लावून करत नाही. याला आता दुसरं काही करायलाच नसल्यामुळे त्याची लय सॉलिड पक्की होतेय.

शिवाय तिने एक दोनशे पानी वही घातलीय. तारीख, बोलण्याचा सूर, सगळ्यात खालचा सूर, सगळ्यात वरचा सूर, आवाज कुठे चिरकला, झोप झाली होती का, सर्दी होती का. दर मंगळवारी एक ओळ. पहिल्या ओळीत ‘पांढरी चार’ आहे. सहाव्या ओळीत ‘पांढरी तीन, जरा खाली’. मधे एका आठवड्यात नुसतं ‘आला नाही, शाळेत मॅच’. परवा फोनवर म्हणाली, सातवीतल्या एका मुलाचा आवाज तार गंधाराला अडखळायला लागलाय. त्याला अजून कळलेलं नाही. त्याच्यासाठी तिने वहीचं मधलं पान दुमडून ठेवलंय.